शेवग्याच्या पाल्याची पावडर, सांधेदुखी आणि वॉरफरिन: मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

बाबांच्या बोटांचे सांधे आणि गुडघे सुजतात. धाकट्या भावाने त्यांना शेवग्याच्या पाल्याची पावडर सुरू करायचं मनावर घेतलंय, 'नैसर्गिक दाहशामक' म्हणून. बाबा वॉरफरिनवर (रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून द्यायची गोळी) आहेत, म्हणून मीच जरा थांबवून धरलंय आणि शोधनिबंध वाचत बसलोय. रसायनशास्त्र कॉलेजात शिकलोय, त्यामुळे प्रयोग कळतात. निष्कर्षापाशी गाडी अडते.

शेवगा, अंबाडी, माठ, मयाळू, कुठलाही पाला घ्या, कृती तीच. मेथॅनॉलमध्ये अर्क काढायचा, डीपीपीएच या मुक्त रॅडिकलच्या (जोडी नसलेला इलेक्ट्रॉन असलेल्या रेणूच्या) जांभळ्या द्रावणात टाकायचा, आणि रंग उतरून पिवळट झाला की ५१७ नॅनोमीटरवर मोजायचं; रंग जितका उतरला तितकी अँटिऑक्सिडंट ताकद जास्त मानायची. पण डीपीपीएच आपल्या शरीरात नसतोच! एकूण फिनॉल मोजायचा फोलिन अभिकर्मक तर क जीवनसत्त्वानेही निळा होतो. दाहाचं म्हणाल तर उंदराच्या मॅक्रोफेज (रोगप्रतिकारक) पेशींना एलपीएस हा जिवाणूंच्या कवचातला पदार्थ देऊन चिडवतात, वरून अर्क ओततात आणि नायट्रिक ऑक्साइड, टीएनएफ-अल्फा हे दाहाचे संकेत-रेणू किती उतरले ते बघतात. पाल्यातलं क्वेर्सेटिन (असंच एक फिनॉल-संयुग) खाल्लं तर ते तसंच्या तसं थोडंच रक्तात जातं? आतडं आणि यकृत त्याला आधीच ग्लुकुरोनाइड नाहीतर सल्फेट जोडून मोकळे होतात.

मग या आकड्यांवरून सूज उतरेल असं म्हणता येतं का? पाला शिजवल्यावर काय उरतं? आणि वॉरफरिनसोबत पावडर चालेल का? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १

शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण धोका तिथेच आहे. हिरव्या पाल्यात के जीवनसत्त्व भरपूर असतं आणि वॉरफरिन नेमकं त्याच्याच विरुद्ध काम करतं. पालेभाजी बंद करायची गरज नसते, रोजचं प्रमाण साधारण सारखं राहिलं पाहिजे. पावडर म्हणजे पाणी काढून टाकलेला पाला; चमचा दिसतो छोटा, पण त्यात ताजा पाला बराच जातो. ती एकदम सुरू केली तर आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा) खाली येऊन गुठळीचा धोका वाढू शकतो, आणि डोस वाढवून घेतल्यावर पावडर अचानक सोडली तर रक्तस्रावाचा. डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नको. सूज आहे म्हणून आयबुप्रोफेनसारखी गोळीही आपल्या मनाने देऊ नका, वॉरफरिनसोबत ती महागात पडते.

आणि एक, बोटं सकाळी उठल्यावर तासभर आखडलेली असतात का? तसं असेल तर संधिवाततज्ज्ञांना दाखवा. आमवात (रुमॅटॉइड आर्थ्रायटिस) असेल तर पाल्यावर विसंबून गेलेला वेळ सांध्यांच्या मुळावर येतो.

प्रतिसाद २

तुमची शंका रास्त आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याने ओरॅक मूल्यांचा (परीक्षानळीत मोजलेल्या अँटिऑक्सिडंट क्षमतेचा) तक्ता २०१२ मध्ये संकेतस्थळावरून काढून टाकला तो याच कारणाने: परीक्षानळीतलं मूल्य शरीराला लागू होत नाही, आणि विकणारे मात्र तेच छापत होते. १९९४ चा फिनलंडचा प्रयोगही वाचा. २९,००० हून जास्त धूम्रपान करणारे पुरुष. ज्यांना बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या दिल्या त्यांच्यात फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्के जास्त निघाला. अँटिऑक्सिडंट वाढवला की भलंच होतं, हे गणित तिथेच कोलमडलं.

शेवग्यात मला जास्त रस वाटतो तो आयसोथायोसायनेट या गंधकयुक्त संयुगांमध्ये. ते रॅडिकल पकडत बसत नाहीत, एनआरएफ-२ या पेशीतल्या प्रथिनामार्फत पेशीच्या स्वतःच्या संरक्षक यंत्रणेला जागं करतात. पण ते तयार व्हायला मायरोसिनेज हे विकर लागतं आणि उकळल्यावर ते निकामी होतं. पुढे आतड्यातले जिवाणू थोडंफार काम करतात. उकळून पाणी ओतून दिलं तर क जीवनसत्त्वही जातं. बीटा-कॅरोटीन मात्र शिजवून, थोड्या तेलासोबत खाल्लं तर जास्त शोषलं जातं. म्हणजे 'कच्चं की शिजवलेलं' याचं एकच उत्तर नाही.

धागाकर्ता

दोघांचे आभार. बोटं सकाळी आखडतात खरी, हे मी वयावर ढकलत होतो. संधिवाततज्ज्ञांची वेळ घेतोय, पावडरीचा डबा भावाकडून काढून घेतलाय. एक राहिलंच: बाबांना पूर्वी मुतखडा झाला होता. माठ आणि अळूत ऑक्झॅलेट (कॅल्शियमशी जुळून मुतखडा बनवू शकणारा पदार्थ) जास्त असतं, तर उकळून पाणी टाकलं की पुरेसं कमी होतं का, की ते पाले टाळलेलेच बरे?