गाझी नक्की कुणी बुडवली?

दर्यावर्दी: नौदल दिन आला की 'आपल्या राजपूत या विनाशिकेनं गाझीला जलसमाधी दिली' हे पुन्हा फिरायला लागतं. मला पटत नाही. आपल्या विक्रांत या विमानवाहू नौकेच्या मागावर आलेली ही पाकिस्तानी पाणबुडी ३-४ डिसेंबर १९७१ च्या रात्री विशाखापट्टणमसमोर बुडाली, आतले नव्वदहून जास्त जण गेले, इथवर वाद नाही. पण पुढच्या भागाचे पत्रे बाहेरच्या बाजूला फाटलेत. डेप्थ चार्जनं, म्हणजे पाणबुडीवर टाकायच्या, पाण्याखाली फुटणाऱ्या बॉम्बनं, ते आत चेपले असते. पाकिस्तान म्हणतो तेच खरं, स्वतःच पेरलेल्या सुरुंगावर गेली.

खडूस: अहो, सुरुंग काय आतून फुटतो? तोही बाहेरूनच! तुमचाच पुरावा तुमच्यावर उलटला.

दर्यावर्दी: बरं, सुरुंग मागे घेतो. मग बॅटरी. चार्जिंग करताना हायड्रोजन साठतो, ठिणगी पडली की स्फोट, आणि बोट दुसऱ्या महायुद्धातली, अमेरिकेची जुनी डायब्लो.

खडूस: पुढच्या बॅटऱ्यांच्याही पुढे टॉर्पेडोची खोली, सुरुंगही तिथल्याच नळ्यांतून सोडायचे. तो साठा पेटला की पत्रे बाहेरच फाटणार. काडी कुणी लावली, ते पत्र्यावरून कसं कळणार? राजपूतनं मध्यरात्रीनंतर थोड्याच वेळात दोन डेप्थ चार्ज टाकले. गाझीतून मिळालेलं घड्याळ साधारण तेव्हाच थांबलेलं होतं.

दर्यावर्दी: घड्याळ स्फोटाची वेळ सांगतं, कारण नाही. आणि पाणबुडी मारली असती तर राजपूत तशीच पुढे गेली असती?

खडूस: युद्ध सुरू झालं होतं हो, थांबून काय करणार? अंधारात अवशेष शोधत बसणार?

सुमनताई: दोघेही शेवटच्या दहा मिनिटांवरच भांडताय. गाझी तिथे आली कशी? विक्रांत अंदमानात होती. नौदलाच्या पूर्व विभागाचे प्रमुख व्हाइस अॅडमिरल कृष्णन यांनी राजपूतकडून विक्रांतच्या थाटाचे बिनतारी संदेश पाठवायला लावले, बंदरात मोठ्या जहाजाला पुरेल एवढ्या शिध्याची मागणी नोंदवली. हेरांच्या कानावर जावी म्हणूनच. काडी कुणाचीही असो, तिला तिथवर आणलं ते या बनवाबनवीनं. (लहानपणी मुंबईत संग्रहालय झालेल्या विक्रांतवर चढले होते. मार्गदर्शकानं यातलं एक अक्षर सांगितलं नाही.)

खडूस: ताई, मान्य. पण डेप्थ चार्जचा मुद्दा मी सोडत नाही.

दर्यावर्दी: कागद दाखवा, मग मीही मानेन.

सुमनताई: कुठले कागद? पूर्व विभागाकडची गाझीची कागदपत्रं नष्ट झाल्याची बातमी २०१० मध्येच आली. २०२४ मध्ये नौदलाच्या बचाव-पाणबुडीला अवशेष दिसले, पण मृतांचा मान राखून त्यांना हात लावला नाही.