मदत हवी आहे : महिला मंडळात होशेयावर कसं बोलावं?

सर्वांना सलाम. नाशिकला शरणपूरच्या बाजूला आमचं महिला मंडळ भरतं, तिथे पुढच्या वेळी होशेयावर बोलायचं काम माझ्याकडे आलंय. इ.स.पू. 8व्या शतकातला, उत्तरेकडच्या इस्राएलचा हा बायबलमधला संदेष्टा; त्याच्याच नावाचं पुस्तक आहे. बायको गोमर परक्यांमागे गेली, आणि त्या मोडक्या संसारातून त्याने बआल या परक्या दैवतामागे लागलेल्या इस्राएलाची कथा सांगितली. एवढं सगळ्यांना ठाऊक असतं.

मला धरून ठेवलंय तिसऱ्या अध्यायाने. तो तिला पंधरा शेकेल (जुनं वजन) रुपे आणि दीड होमर (धान्याचं माप) जव देऊन परत आणतो. (ती गोमरच, असं बहुतेक जण मानतात.) बायबलच्याच निर्गम या पुस्तकात (21:32) बैलाने मारलेल्या दासाची भरपाई 30 शेकेल आहे, म्हणजे इथे रोकड निम्मीच, बाकी धान्य. माझा आपला अंदाज, घरात होतं नव्हतं ते झाडून गोळा केलं असणार!

खरी अडचण पुढेच आहे. आमच्यात मारहाणीला कंटाळून माहेरी आलेल्या बायकाही बसतात, आणि दुसऱ्या अध्यायातली बायकोला द्यायच्या शिक्षेची भाषा भलतीच कडक आहे. कोणी ‘बघ, तूही मुकाट्याने नांदायला जा’ असा अर्थ काढला तर? देव आपल्याला टाकत नाही हे सांगायचंय, मार सोसा हे नाही.

मग सुरुवात 11:8 पासून करू का, जिथे एफ्राइमाला, म्हणजे उत्तरेकडच्या इस्राएलाला, सोडायच्या विचारानेच देवाचं काळीज हलतं? की थेट 14:4 घेऊ, जिथे देव त्यांना बरं करीन, मनापासून प्रेम करीन म्हणतो? दुसरा अध्याय गाळणं मला पटत नाही. कोणी हे शिकवलं असेल तर कसं मांडलंत ते सांगा. वेळ अर्धाच तास आहे.