ख्रिस्ती विचार, सार्वजनिक जीवन आणि उच्च शिक्षण: नाशिकमधून पीएच.डी.चा विषय कसा बांधावा?

गोदाकाठचा: एम.ए. इतिहास झालंय. विषय योजलाय, ‘महाराष्ट्रातील ख्रिस्ती विचारवंतांचे सार्वजनिक जीवन व उच्च शिक्षणातील योगदान, १८१३ ते १९७०’. गाइड म्हणतात, फार पसरट आहे. कुठून कापावं? नाशिकच्या शरणपूर या मिशन वसाहतीचे कागद कुठे मिळतील? आणि ग्रीक-हिब्रू येत नसेल तर या वाटेला जावं का?

पानटीप: आधी शीर्षकातलं ‘योगदान’ काढा. तो शब्द असला की निष्कर्ष ठरलेलाच असतो, मग प्रबंधाचा गौरवग्रंथ होतो.

त्या जागी वादाचा एक मुद्दा धरा: मिशनच्या कॉलेजांनी सरकारी अनुदान घेऊन आपला धर्महेतू कसा सांभाळला? १८५४च्या वुडच्या खलित्याने (कंपनी सरकारच्या शिक्षणधोरणाच्या पत्राने) अनुदानाचं दार उघडलं, पण अट लौकिक शिक्षणाची. शाळेतल्या धर्मशिक्षणाकडे तपासनिसाने लक्षच द्यायचं नाही, असं धोरण. १८५७ साली विद्यापीठं आली आणि परीक्षेचा अभ्यासक्रम बाहेरून ठरू लागला. बायबलचा तास वेळापत्रकात राहिला खरा, पण त्याला गुण नाहीत. हाच ताण भारतातल्या ख्रिस्ती कॉलेजांची पाहणी करणाऱ्या लिंडसे आयोगाच्या १९३१च्या अहवालात उघड मांडला आहे: मिशन कॉलेजं परीक्षेच्या चाकोरीत अडकलीत, त्यांनी संशोधन आणि समाजात जाऊन करायचं विस्तारकार्य हाती घ्यावं. १९४७ साली भा. पां. हिवाळ्यांनी उभारलेलं अहमदनगर कॉलेज हा शेवटचा टप्पा घ्या. १८५४ ते १९४७ एवढं पुष्कळ झालं.

आजच्या काळाला हात घालायचाच असेल तर अनुच्छेद ३०(१) आणि २८(३) शेजारी ठेवून वाचा. संस्था चालवण्याचा हक्क एकीकडे. दुसरीकडे, मान्यताप्राप्त किंवा अनुदानित संस्थेत विद्यार्थ्यावर (अल्पवयीन असेल तर पालकाच्या) संमतीशिवाय उपासनेची सक्ती नाही. पण त्याला उपसंहारातलं एक प्रकरण बस्स.

दप्तरखाना: कागदांबद्दल. नव्या माणसाचे इथे हमखास दोन-तीन महिने जातात. अहमदनगर अमेरिकन मराठी मिशनचं, नाशिक चर्च मिशनरी सोसायटीचं. अमेरिकन कागद हार्वर्डच्या हॉटन ग्रंथालयात, चर्च मिशनरी सोसायटीचे बर्मिंगहॅम विद्यापीठात. शरणपूर हार्वर्डच्या यादीत शोधत बसू नका. बर्मिंगहॅमला ‘सी आय ३’ ही १८८०पर्यंतची पश्चिम भारताची मालिका, त्यापुढे ‘जी २ आय ३’.

शोधताना स्पेलिंग जुनं टाका: नाशिकला दोन एस आणि शेवटी सीके. शरणपूर टाकलंत की सहारनपूरही समोर येतं. तिथंही अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशन होतं, त्यामुळे नोंद चुकीची आहे हे पटकन कळतही नाही.

मिशनऱ्यांची वार्षिक पत्रं देणगीदार डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेली असतात. पटसंख्या आणि अनुदानाचे आकडे तिथून उचलू नका. मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्याच्या वार्षिक अहवालाशी ताडून घ्या. जुळले नाहीत तर दोन्ही आकडे द्या. तफावत का आली हेच तुमचं संशोधन.

जुनी शाई: पानटीप यांचा आराखडा नेटका आहे, पण त्यात मराठी माणूस कुठंय? सगळे आयोग आणि खलिते! नाशिकला बसून काम करायचं तर कवी रेव्ह. ना. वा. टिळक घ्या. १८९५ला बाप्तिस्मा, आणि १९१७ला मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ ही स्वतःची ख्रिस्तभक्तांची संगत. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. श्रद्धा आणि सार्वजनिक जीवन यांची सांगड एका मराठी ख्रिस्ती माणसाने कशी घातली, याचा याहून चांगला मासला शोधून सापडणार नाही. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं माहेर तर नाशिकजवळचं जलालपूर. छापील पुस्तकांसाठी सावानापासून (सार्वजनिक वाचनालय, नाशिक) सुरुवात करा.

पंडिता रमाबाईंबाबत एक चूक सर्रास दिसते. हंटर शिक्षण आयोगापुढची साक्ष आणि त्यांचं ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक दोन्ही १८८२ची, बाप्तिस्मा १८८३चा. ती साक्ष ‘ख्रिस्ती विचार’ म्हणून खपवलीत तर तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न तिथंच येईल.

‘ज्ञानोदय’ हे मिशनचं नियतकालिक (१८४२पासून) वाचताना शब्द जपून. ‘मंडळीने ठराव केला’ म्हणजे जमलेल्या लोकांनी नव्हे, स्थानिक चर्चने. ‘पाळक’ म्हणजे पास्टर. कात्रणावर अंकाची तारीख, पान आणि मजकूर मराठी विभागातला की इंग्रजी, हे तिथल्या तिथे लिहा.

ग्रीक-हिब्रूवाचून अडत नाही. ते हवं रमाबाईंच्या बायबल भाषांतरावर लिहिणाऱ्याला. मात्र वचन देताना त्या लेखकाच्या हातात असलेल्या भाषांतरातलंच द्या, आजच्या आवृत्तीतलं नको.

गोदाकाठचा: टिळक आणि अनुदानाचा प्रश्न एकत्र बसवता येईल?

जुनी शाई: ओढूनताणून. एकच घ्या.

दप्तरखाना: राहिलंच होतं. ‘नाशिक धर्मप्रांत’ दोन आहेत: अँग्लिकन परंपरेतला १९२९चा, जो १९७०ला चर्च ऑफ नॉर्थ इंडियात आला, आणि कॅथलिक १९८७चा. परवानगीच्या अर्जावर कोणता ते स्पष्ट लिहा. शरणपूरसाठी पहिला. अर्जात नुसतं ‘जुने कागद’ म्हणू नका. बाप्तिस्मा, विवाह, दफन यांपैकी कोणतं रजिस्टर आणि कोणती वर्षं ते द्या.