सरळ पोहता न येणाऱ्या माशाला सुंदर का म्हणायचे?

मुठाकाठ (धागाकर्ता)

काल आपल्या पुण्यातील मत्स्यपालकांच्या गटावर एका सदस्यांनी बबल आयच्या, म्हणजे डोळ्यांखाली पाण्याच्या पिशव्या असलेल्या गोल्डफिशच्या, जोडीचे छायाचित्र टाकून खाली लिहिले की, ज्यांना हे मासे अपंग वाटतात त्यांनी गप्पी पाळावेत, कारण शेकडो वर्षांची कला कळायला नजर लागते. ते वाक्य मला रात्रभर खुपत राहिले, म्हणून इथे सविस्तर उत्तर देतो.

मी अकरा वर्षे टाक्या सांभाळतो आहे. तीन वर्षांपूर्वी पेठेतल्या एका दुकानातून मीही बबल आय आणला होता. एका सकाळी त्याच्या डोळ्याखालची उजवी पिशवी फिल्टरच्या तोंडात ओढली गेलेली दिसली. पंप बंद करून त्याला सोडवले, तेव्हा ती पिशवी चोखून टाकलेल्या द्राक्षाच्या सालीसारखी गालाला चिकटली होती आणि मासा डावीकडे कलंडून एकाच जागी फिरत होता. त्यानंतर तो नऊ दिवस जगला. त्या नऊ दिवसांत मला एवढेच कळले की, ज्याच्या पाठीवरचा पर आपण पिढ्यान्‌पिढ्या निवड करून काढून टाकला आणि ज्याच्या चेहऱ्यावर पाण्याच्या दोन पिशव्या लटकवल्या, त्याला साधा तोल सावरण्यासाठीही जन्मभर झटावे लागते.

बलून मॉली या शोभेच्या माशाचे पोट गोल दिसते ते भरपूर खाल्ल्यामुळे नव्हे, तर मणके आखडल्यामुळे. आतले अवयव त्या आखूड जागेत कोंबलेले असतात. पॅरट हा मासा म्हणजे 1980 च्या दशकात तैवानमध्ये केलेला संकर आहे आणि त्याचे तोंड नीट मिटतच नाही. रंग, ठिपके, लांबट शेपूट यांना माझी हरकत नाही. माशाचे पोहणे, बघणे आणि खाणे हिरावून घेणारे वैशिष्ट्य मात्र मी सौंदर्य मानायला तयार नाही.

रांचूप्रेमी

ते छायाचित्र माझेच होते, त्यामुळे उत्तर देणे मला भाग आहे. आपला मासा जातीमुळे मेला नाही, फिल्टरच्या उघड्या तोंडामुळे मेला. तिथे दहा रुपयांचा स्पंज लावला असता तर तो आजही जिवंत असता. स्वतःच्या हलगर्जीपणाचे खापर चीनमधल्या सोंग राजवटीच्या काळापासून चालत आलेल्या परंपरेवर फोडणे मला न्याय्य वाटत नाही.

सिंहगड रस्त्यावर आमच्या गच्चीवर सिमेंटच्या सहा टाक्या आहेत आणि मी चौदा वर्षे रांचू जातीचे गोल्डफिश वाढवतो आहे. माझा एक रांचू नऊ वर्षांचा आहे. त्यालाही पाठीचा पर नाही, तरी सकाळी मी दाण्यांचा डबा हलवला की तो सगळ्यांच्या आधी काठाशी येतो. शहरात खरा छळ कुठे होत असेल तर तो काचेच्या गोल बाऊलमध्ये होतो. त्याबद्दल कोणी धागा काढत नाही.

औंधकर

बाऊलचा विषय निघालाच आहे तर मला बोलू द्या, कारण त्या रागाने मी दोन वर्षे धुमसतो आहे. आमच्या सोसायटीत एका वाढदिवसाला वीस मुलांना परतभेट म्हणून एकेक बाऊल आणि त्यात एकेक गोल्डफिश दिला गेला. माझी मुलगी तो बाऊल मांडीवर धरून लिफ्टमधून वर आली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मासा पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करू लागला आणि चौथ्या दिवशी गेला. नंतर सोसायटीत चौकशी केली, तर आठवड्याअखेर वीसपैकी दोनच मासे उरले होते. ज्या माशाच्या जातभाईंपैकी ब्रिटनमधला टिश हा साधा गोल्डफिश 1999 मध्ये वयाच्या 43 व्या वर्षी मेला, त्याला आपण चार दिवसांचे खेळणे करून टाकले आहे.

कायद्याचा विद्यार्थी

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या कायद्यात प्राणी म्हणजे माणसाखेरीज कोणताही सजीव, अशी व्याख्या आहे; त्यामुळे मासे त्यात येतात. पुरेशी हालचाल करता येणार नाही इतक्या लहान पिंजऱ्यात किंवा भांड्यात प्राणी ठेवणे हा कलम 11 प्रमाणे गुन्हाच आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड मात्र दहा ते पन्नास रुपये, म्हणजे त्या बाऊलच्या किमतीहूनही कमी. केंद्र सरकारने 2017 मध्ये मत्स्यालयांच्या दुकानांसाठी वेगळे नियम काढले होते, पण विक्रेत्यांच्या विरोधानंतर ते मागे घेतले गेले.

रांचूप्रेमी

ते मागे घेतले गेले ते योग्यच झाले. कोलकात्याजवळच्या आणि चेन्नईच्या कोळत्तूरमधल्या हजारो घरांची चूल या माशांवर पेटते. नियम लिहिणाऱ्यांनी एकदा तरी पिल्ले वाढवून पाहिली असती, तर त्यांनी असे नियम लिहिले नसते.

मुठाकाठ

बाऊल वाईट आहे, याबद्दल इथे कोणाचाच वाद नाही, आणि वाद नसलेल्या मुद्द्यावर दहा उत्तरे खर्च होत आहेत. पिल्लांचा उल्लेख आपणच केला आहे, तर मग हेही सांगा, की रांचूच्या एका विणीतून किती पिल्ले निघतात आणि त्यांतली किती तुम्ही ठेवता?

रांचूप्रेमी

शेकडो निघतात आणि पन्नाससुद्धा ठेवत नाही. वाकडी शेपूट, पाठीवर उंचवटा किंवा उरलेल्या पराचा काटा दिसला की ते पिल्लू बाजूला काढावेच लागते. हे प्रत्येक ब्रीडर करतो आणि मी ते लपवत नाही. आपल्या प्रश्नाचा सूर मात्र मला अपमानकारक वाटला.

मुठाकाठ

सूर कडक होता, हे मला मान्य आहे. प्रश्न मात्र मी मागे घेत नाही. एका देखण्या माशासाठी ज्या जातीत दहा पिल्ले बाजूला काढावी लागतात, तिचा हिशेब फक्त त्या देखण्या माशाकडे बघून करता येणार नाही.

जीवशास्त्राची शिक्षिका

दोघांनीही जरा थांबावे, कारण दोघेही सगळ्या जाती एकाच तागडीत तोलत आहेत. गोल्डफिशची दुहेरी शेपूट कॉर्डिन नावाच्या जनुकातील बिघाडामुळे येते, हे 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून कळले. हे जनुक गर्भाची पाठ आणि पोट ठरवण्याच्या कामी येते. गोल्डफिशमध्ये या जनुकाच्या दोन प्रती असतात. त्यांतली एक बिघडली तरी दुसरी काम सांभाळते, म्हणून गर्भ जगतो आणि शेपूट दुहेरी होते. दुहेरी शेपटीने वेग कमी होतो, पण मासा खातो, बघतो आणि पुष्कळ वर्षे जगतो. बबल आय किंवा आकाशाकडे डोळे लागलेला सेलेस्टियल यांची गोष्ट वेगळी आहे, कारण तिथे डोळ्यांच्या कामातच अडथळा येतो.

दुसरे असे, की या जाती घडल्या त्या काळी मासे हौदांत आणि चिनी मातीच्या भांड्यांत ठेवत आणि वरून बघत. रुंद पाठ, दोन बाजूंना पसरलेली शेपूट, डोक्यावरचा मांसल मुकुट, वर वळलेले डोळे ही सगळी वरून बघणाऱ्याची आवड आहे. आज आपण त्याच माशाला काचेच्या टाकीत ठेवून बाजूने बघतो आणि शेजारी कॉमेट हा चपळ गोल्डफिश सोडतो. तो सगळे दाणे आधी खाऊन टाकतो.

विचित्र आकाराची एवढीच हौस असेल तर आपल्याच नद्यांत बघा. सायक्स या इंग्रज अधिकाऱ्याने 1839 मध्ये दख्खनच्या माशांवर लिहिताना नोंदवलेला कृष्णा खोऱ्यातला नकटा मासा आठवा, ज्याच्या शास्त्रीय नावातही ‘नुक्ता’ आहे. त्याच्या मुस्कटावर खोल खाच आणि शिंगासारखा उंचवटा असतो, आणि तो वाहत्या पाण्यात उत्तम पोहतो. तो आज संकटात आहे, आणि माझ्या वर्गातल्या एकाही मुलाने त्याचे नाव ऐकलेले नसते, याचे मला फार वाईट वाटते.

औंधकर

शिक्षिकाबाईंचे म्हणणे पटले. तरी बाऊलबंदी व्हायलाच हवी, हे मी पुन्हा एकदा सांगतो.

कायद्याचा विद्यार्थी

जर्मनीच्या प्राणी संरक्षण कायद्यात 11 ब हे कलम आहे. ज्या पैदाशीमुळे पिल्लांना वेदना, त्रास किंवा इजा होणार हे आधीच दिसते, ती पैदास त्या कलमाने निषिद्ध ठरते. आपल्या कायद्यात बाऊलबद्दल बोलायला जागा आहे, पैदाशीबद्दल मात्र नाही.

रांचूप्रेमी

मी रात्री गच्चीवर जाऊन बराच वेळ टाक्यांपाशी बसलो होतो. रांचूबद्दल मी एक शब्दही मागे घेणार नाही; ज्यांना शंका असेल त्यांनी रविवारी येऊन तो नऊ वर्षांचा मासा बघून जावा. बलून मॉली मी कधी ठेवली नाही आणि पॅरटही ठेवला नाही. त्यामुळे त्यांचा बचाव करण्याचे मला कारण नव्हते, तो मी रागाच्या भरात केला. बबल आयच्या जोडीतील मादीची डावी पिशवी गेल्या महिन्यात फाटून पुन्हा भरली, पण पहिल्यापेक्षा लहान भरली. काल छायाचित्र काढताना मी मुद्दाम तिची उजवी बाजू कॅमेऱ्यापुढे धरली होती. या हंगामात त्या जोडीची वीण घेणार नाही. हे मी मुठाकाठ यांच्या धाग्यामुळे करतो आहे असे त्यांनी समजू नये. त्या मादीमुळे करतो आहे.

मुठाकाठ

कारण कोणतेही असो, मला आनंद आहे. स्पंजबद्दलचे आपले म्हणणे खरे होते आणि ते तेव्हा माझ्या लक्षात यायला हवे होते.

वारज्याची आई

माझ्या मुलाने गेल्या वर्षी हट्टाने दोन पॅरट आणले. हा धागा वाचून मला रडू आले. एक मासा दाणा तोंडात घेतो, सोडतो, पुन्हा घेतो, आणि तोपर्यंत दुसरा ते सगळे संपवतो. आता त्यांचे मी काय करू?

रांचूप्रेमी

ताई, बुडणारे बारीक दाणे आणा आणि ते पंधरा मिनिटे टाकीच्याच पाण्यात भिजवून मऊ करा. त्याला तोंडाने चावता येत नाही, तो घशातल्या दातांनी चिरडतो. म्हणून मऊ दाणा त्याला सोपा जातो.

मुठाकाठ

आणि दाणे टाकीच्या दोन टोकांना एकाच वेळी टाका, म्हणजे मंद खाणाऱ्याला त्याचा वाटा मिळेल.