शैवालातील तेल : उपासमारीने खरोखर वाढते का?

तळ्याकाठी :
सूक्ष्मशैवालाचे नत्र (नायट्रोजनयुक्त पोषण) तोडले की तेल वाढते, हे विधान जैवइंधनावरील बहुतेक लेखांत भेटते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. नत्राविना प्रथिने बनत नाहीत आणि पेशींचे विभाजन थांबते. प्रकाशसंश्लेषण मात्र काही काळ चालू राहते, त्यामुळे पकडलेला कार्बन ट्रायग्लिसराइडच्या, म्हणजे तेलाच्या, रूपात साठत जातो. क्लोरेला या सूक्ष्मशैवालाचे चंबूतील गर्द हिरवे पाणी पिवळट पडते आणि तेल रंगवणारे नाईल रेड रंजक घालून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यास पेशींत सोनेरी थेंब चमकतात. दृश्य मोहक असले, तरी वाढलेला असतो तो केवळ पेशीच्या वजनातील तेलाचा टक्का. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने १९७८ ते १९९६ या काळात चालवलेल्या शैवाल कार्यक्रमातही हेच आढळले, की वाढ खुंटल्यामुळे एकूण तेल वाढत नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

हिशेबनीस :
असहमत. इटलीतील फ्लॉरेन्सच्या संशोधकांनी २००९ मध्ये नॅनोक्लोरोप्सिस या सूक्ष्मशैवालावरील प्रयोग प्रसिद्ध केला. पुरेसे पोषण असताना दर लिटरमागे दिवसाला ०.३६ ग्रॅम जैवभार (शैवालाचे कोरडे वजन) व त्यात ३२ टक्के मेद, म्हणजे तेल, मिळत होता. नत्र तोडल्यावर जैवभार ०.३० ग्रॅमवर आला, पण मेद शेवटी ६० टक्क्यांच्याही पुढे गेला. म्हणजे दिवसाचे तेल ११७ मिलिग्रॅमवरून २०४ मिलिग्रॅमवर पोहोचले. आडातले पाणी थोडे घटले, पोहरा मात्र जवळजवळ दुप्पट भरला! आधी पोटभर खाऊ घालून दाट वाढवायचे आणि मगच नत्र तोडायचे, हा क्रम पाळला तर आपला आक्षेप टिकत नाही.

तळ्याकाठी :
आकडे मान्य, पण ते ११० लिटरच्या उभ्या, पारदर्शक पॅनेलमधले आहेत, जिथे पाण्याचा थर पातळ असल्याने प्रकाश आतपर्यंत पोहोचतो. उघड्या तळ्यात दाट झालेले शैवाल स्वतःच्याच सावलीत असते. तिथे हेच प्रमाण गृहीत धरणे घाईचे होईल. शिवाय सगळ्याच जाती उपासमार सारख्याच सोसत नाहीत.

रानवाटा :
आपण दोघेही नत्रावर भांडताना थंडी विसरलात. त्याच अमेरिकी कार्यक्रमात न्यू मेक्सिकोतील रॉसवेल येथे १,००० चौरस मीटरची तळी चालवली गेली. एखाद्या दिवशी दर चौरस मीटरला ५० ग्रॅमपर्यंत जैवभार मिळाला, परंतु वाळवंटातल्या गारठ्यामुळे वर्षभर सातत्य राखता आले नाही. पाणीच गार पडले तर नत्र कधी तोडायचे हा प्रश्न दुय्यम ठरतो.

हिशेबनीस :
थंडीचा मुद्दा रास्त आहे, पण त्यावरून स्थळ चुकले असे म्हणता येईल, पद्धत चुकली असे नव्हे. उपासमार टाळण्याचा मार्गही दिसू लागला आहे : २०१७ मध्ये नॅनोक्लोरोप्सिसमधील एका नियामक (इतर जनुकांचे काम ठरवणाऱ्या) जनुकाची क्रिया मंदावून, वाढ फारशी न घटवता, मेदाचे प्रमाण सुमारे २० टक्क्यांवरून ४० टक्क्यांपलीकडे नेले गेले.

तळ्याकाठी :
तो प्रयोगही प्रयोगशाळेतला. वारा, धूळ, शैवाल खाणारे सूक्ष्मजीव आणि रात्रीचा गारठा सोसून एका हंगामात दर चौरस मीटरमागे किती तेल हाती आले, तो आकडा दाखवा. माझे मत मी तत्क्षणी बदलेन.