डिस्चार्ज अर्जाला स्वतःचे पुरावे जोडण्याबद्दल

काही जण सुचवतात की आरोपी घटनेच्या दिवशी दुसऱ्या गावी होता याची हॉटेलची बिलं डिस्चार्जच्या अर्जाला (आरोप निश्चित होण्याआधीच, पुरेसा आधार नाही म्हणून आरोपीला खटल्यातून वगळा, या मागणीला) जोडावीत. उपयोग नाही. सुप्रीम कोर्टाच्या देबेंद्रनाथ पाढी निकालापासून (2004) या टप्प्यावर कोर्ट फक्त दोषारोपपत्र आणि त्यासोबतचे कागद बघतं. बचावाचे कागद साधारणपणे नाहीत.

म्हणून अर्ज फिर्यादी पक्षाच्याच कागदांवर उभा करा. फिर्यादीत आरोपीचं नाव आहे का? कोणत्या साक्षीदाराने त्याची नेमकी कृती सांगितली? जप्ती पंचनाम्यात त्याच्याकडून काय मिळालं? नुसतं "इतर आरोपींसोबत होता" एवढंच असेल, तर तेच वाक्य अर्जात उतरवून दाखवा. जबाबांतल्या विसंगती मात्र उलटतपासासाठी ठेवा. इथे त्यावर जोर दिला की कोर्ट "हा ट्रायलचा मुद्दा" म्हणून अर्ज फेटाळतं.

मुदतही बघा. नव्या संहितेत (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, BNSS) सत्र खटल्यात केस कमिट झाल्यापासून, म्हणजे मॅजिस्ट्रेटने ती सत्र न्यायालयाकडे पाठवल्यापासून, 60 दिवस (कलम 250), पोलिसांच्या वॉरंट केसमध्ये (मॅजिस्ट्रेटपुढे चालणारे, दोन वर्षांहून जास्त शिक्षेचे गुन्हे) दोषारोपपत्राच्या नकला मिळाल्यापासून 60 (कलम 262). अर्ज फेटाळला तर रिव्हिजन (वरच्या कोर्टाकडे फेरतपासणीचा अर्ज), 90 दिवसांत.

आणि डिस्चार्ज म्हणजे निर्दोष सुटका नव्हे. नवा पुरावा आला तर पुन्हा खटला चालू शकतो.