मदत हवी आहे : दोन ठिकाणच्या नेटवर्कमधले सिस्लॉग संदेश, म्हणजे यंत्रांनी पाठवलेल्या घडामोडींच्या नोंदी (लॉग), एका सर्व्हरवर आणून त्यांवर लक्ष कसे ठेवावे?

नमस्कार.

भोसरी एमआयडीसीत सुटे भाग तयार करणाऱ्या एका मध्यम आकाराच्या कारखान्याचे नेटवर्क मी सांभाळतो. कारखान्याशिवाय कर्वे रस्त्यावर आमचे कार्यालय आहे आणि ही दोन्ही ठिकाणे ब्रॉडबँडवरील व्हीपीएनने (इंटरनेटवरून जाणाऱ्या खासगी जोडणीने) जोडलेली आहेत. सामग्री चारचौघांसारखीच आहे : दोन्हीकडे एकेक फायरवॉल, सिस्कोचे काही स्विच, लिनक्सचे सर्व्हर, आणि टॅली व हजेरीसाठी ठेवलेले विंडोज सर्व्हर. आम्ही ज्या मोठ्या ग्राहकाला माल पुरवतो, त्यांच्या लेखापरीक्षकांनी या वेळी तीन प्रश्न विचारले : लॉग कुठे साठवता, किती दिवस ठेवता आणि ते पाहतो कोण? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे देता येतील इतके काम झाले आहे. तिसऱ्यासाठी हा धागा काढत आहे.

सध्याची मांडणी अशी आहे. कार्यालयातील एका जुन्या पण धडधाकट यंत्रावर उबुंटू घालून त्यावर आर-सिस्लॉग हा लॉग गोळा करणारा प्रोग्राम चालवला आहे. स्विच आणि फायरवॉल त्याच्याकडे यूडीपीच्या (पोच न घेता पाठवण्याच्या पद्धतीच्या) ५१४ क्रमांकाच्या पोर्टवर संदेश पाठवतात, लिनक्स सर्व्हर टीसीपीने (पोच घेणाऱ्या पद्धतीने) पाठवतात. पाठवणाऱ्या यंत्राच्या आयपी पत्त्याप्रमाणे वेगळे फोल्डर तयार होते आणि जुन्या फाइली लॉगरोटेट हा प्रोग्राम जिप करून ठेवतो. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लॉग १८० दिवस भारताच्या हद्दीत जपून ठेवायचे असल्यामुळे डिस्कचा हिशेब आधीच मांडला होता : सेकंदाला ५० संदेश आणि संदेशामागे सरासरी २०० बाइट धरले, तर दिवसाला सुमारे ८६४ एमबी, म्हणजे १८० दिवसांचे साधारण १५५ जीबी होतात, आणि जिप केल्यावर ते आणखी बरेच खाली येतात. त्यामुळे जागेची चिंता नाही. ग्रेलॉग किंवा इलॅस्टिकसर्च ही लॉग शोधण्याची जड सॉफ्टवेअर बसवण्याचा सल्ला काहींनी दिला, परंतु त्या यंत्राच्या मेमरीत ते बसणार नाही आणि नव्या सर्व्हरला या वर्षी मंजुरी मिळणार नाही, म्हणून कृपया आहे त्यातच मार्ग सुचवावा.

अडचणी तीन आहेत आणि त्या एकमेकींत गुंतलेल्या आहेत.

पहिली वेळेची. एकाच घटनेच्या नोंदी फायरवॉल, स्विच आणि सर्व्हर या तिघांकडून येतात, परंतु त्यांच्या वेळा जुळत नाहीत. रात्री ११:२० ला व्हीपीएन तुटल्याची नोंद फायरवॉलकडून बरोबर येते, आणि त्याच वेळची स्विचची नोंद संदेशात १७:५० अशी दिसते. हा साडेपाच तासांचा फरक यूटीसीमुळे (ग्रीनिचच्या जागतिक वेळेमुळे) पडतो हे कळते; तो कुठे दुरुस्त करावा, स्विचवर की सर्व्हरवर, हे ठरत नाही. त्याहून विचित्र प्रकार शुक्रवारी सकाळी दिसतो. आमची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते आणि देखभालीसाठी वीजही बहुधा त्याच दिवशी बंद ठेवतात. यूपीएस संपून स्विच बंद पडतात, आणि वीज परत आल्यावर त्यांच्या पहिल्या काही ओळींवर आधी एक चांदणी आणि पुढे १ मार्च अशी तारीख असते, मग बाहेर श्रावण चालू असो की दिवाळी.

दुसरी अडचण संदेश हरवण्याची. भोसरीतील इंटरनेट गेले की तिथल्या यंत्रांचे संदेश कर्वे रस्त्यापर्यंत पोहोचत नाहीत आणि नंतरही कधी येत नाहीत. नेमक्या ज्या अर्ध्या तासात काहीतरी बिघडलेले असते, त्याच अर्ध्या तासाची फाइल कोरी असते. शिवाय एखादे यंत्र गप्प आहे ते सर्व ठीक आहे म्हणून की ते बंदच पडले आहे म्हणून, हे फाइलकडे पाहून समजत नाही.

तिसरी अडचण सूचनांची, आणि मला ती सर्वांत अवघड वाटते. सिस्लॉगमध्ये तीव्रता ० (सर्वांत गंभीर) ते ७ अशी असते. तीव्रता ३ किंवा त्याहून गंभीर, म्हणजे आकडा ३ किंवा त्याखाली असलेल्या प्रत्येक संदेशाची मेल यावी असा नियम लावून पाहिला. संध्याकाळी सहाला कार्यालयातील मंडळी संगणक बंद करून घरी निघतात आणि प्रत्येक पोर्टमागे एक ‘लिंक-३-अपडाउन’ (पोर्ट चालू-बंद झाल्याचा संदेश) येऊन माझी मेलपेटी भरून जाते. उलट एका स्विचची मांडणी कुणीतरी बदलली, त्याची मेल आली नाही, कारण तो संदेश ‘सिस-५-कॉन्फिग-आय’ या नावाने, म्हणजे तीव्रता ५ ने येतो. तीव्रता हा निकष पुरेसा नसेल, तर दुसरा कोणता धरावा? लहान नेटवर्कमध्ये आपण प्रत्यक्षात कोणत्या नोंदींवर सूचना लावल्या आहेत, हे कुणी सविस्तर सांगितले तर फार उपयोग होईल.

प्रतिसाद १

प्रश्न नीट मांडला आहे, त्यामुळे उत्तर देणे सोपे जाते. वेळ आणि हरवणे या दोन गोष्टींबद्दल लिहितो. सूचनांबद्दल माझ्यापेक्षा जाणकार लोक इथे आहेत.

वेळेचे मूळ जुन्या स्वरूपात आहे. सिस्लॉग १९८० च्या दशकात सेंडमेलबरोबर जन्माला आला आणि त्याचे रूढ स्वरूप २००१ मध्ये आरएफसी ३१६४ या इंटरनेटविषयक दस्तऐवजात लिहून ठेवले गेले. त्यात तारखेला वर्ष नाही आणि वेळेला टाइमझोन नाही. त्यामुळे १७:५० हे भारतातले की ग्रीनिचचे, हे सर्व्हरला कळण्याचा मार्गच नसतो. २००९ च्या आरएफसी ५४२४ मध्ये ही उणीव भरून निघाली. त्यात वर्ष, सेकंदाचे अंश आणि +०५:३० असा फरक लिहिता येतो. तेव्हा लिनक्स सर्व्हरांकडून पाठवताना ५४२४ चा साचा निवडा. स्विचवर टाइमझोन घालून लॉगच्या वेळेसाठी स्थानिक वेळ, टाइमझोनचे नाव आणि वर्ष दाखवण्याचा पर्याय चालू करा. दुरुस्ती नेहमी उगमापाशी करावी. सर्व्हरवर साडेपाच तास मिळवत बसलात, तर उद्या नवीन स्विच आला की पुन्हा तोच गोंधळ होईल.

चांदणीचा अर्थ असा की स्विचला स्वतःच्या घड्याळाची खात्री नाही. यातील बऱ्याच स्विचमध्ये वीज गेल्यावर घड्याळ चालू ठेवणारी बॅटरी नसते. ते सुरू झाले की १ मार्च १९९३ पासून वेळ मोजू लागतात आणि एनटीपी सर्व्हरची (नेटवर्कवरून अचूक वेळ देणाऱ्या सर्व्हरची) वेळ मिळाली की चांदणी जाते. म्हणून सर्व यंत्रांना एनटीपी द्याच. सर्ट-इनच्या त्याच निर्देशांत एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा एनपीएलच्या (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या) एनटीपी सर्व्हरशी, अथवा त्यांच्याशी जुळलेल्या सर्व्हरशी घड्याळे जुळवण्यास सांगितले आहे, तेव्हा लेखापरीक्षकांचा पुढचा प्रश्न तोच असेल. आर-सिस्लॉग दोन वेळा जवळ बाळगतो : यंत्राने सांगितलेली आणि सर्व्हरला संदेश मिळाल्याची. फाइलीचे नाव दुसऱ्या वेळेवरून ठरवा आणि ओळीत दोन्ही छापा. म्हणजे १ मार्चवाल्या ओळीसुद्धा योग्य दिवसाच्या फाइलीत सापडतील.

आता हरवण्याबद्दल. यूडीपीत पोच नसते, त्यामुळे व्हीपीएनमधून यूडीपी पाठवणे म्हणजे चिठ्ठी वाऱ्यावर सोडणे. भोसरीतच एक लहानसे लिनक्स यंत्र रिले, म्हणजे संदेश घेऊन पुढे पाठवणारे यंत्र, म्हणून ठेवा. तिथले स्विच आणि फायरवॉल त्याच लॅनवरील रिलेकडे यूडीपीने पाठवतील, आणि रिले ते संदेश कर्वे रस्त्याला पाठवील. रिलेवरील आर-सिस्लॉगमध्ये पुढे पाठवण्याच्या कृतीला डिस्कवर उतरणारी रांग लावा, पुन्हा प्रयत्न करण्याची मर्यादा उणे १, म्हणजे अमर्याद ठेवा, आणि सेवा बंद होताना रांग जतन करण्याचा पर्याय चालू करा. इंटरनेट दिवसभर नसले तरी संदेश डिस्कवर थांबतील आणि जोडणी परत आली की निघतील.

इथे एक बारकावा आहे आणि तो बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. साधा टीसीपीसुद्धा पूर्ण भरवशाचा नाही. जोडणी तुटली तेव्हा जे संदेश पाठवणाऱ्याच्या नेटवर्क बफरमध्ये असतात, ते आर-सिस्लॉगच्या दृष्टीने ‘पाठवून झालेले’ असतात, प्रत्यक्षात मात्र कुठेच पोहोचलेले नसतात. यासाठीच आर-सिस्लॉगच्या कर्त्यांनी रेल्प हा प्रोटोकॉल केला. त्यात समोरच्या आर-सिस्लॉगने पोच दिल्याखेरीज संदेश रांगेतून निघत नाही. रिले आणि मुख्य सर्व्हर दोन्ही तुमचेच असल्याने रेल्प वापरण्यात काहीच अडचण नाही.

संदेश गळतात का, हे तपासण्याची एक सोपी युक्ती : सिस्कोच्या स्विचवर लॉगला अनुक्रमांक देण्याची सोय चालू करा. क्रमांक ४३ नंतर थेट ४७ आला, तर तीन संदेश कुठेतरी गेले. मुख्य सर्व्हरवर ‘नेटस्टॅट -एसयू’ चालवून बफरच्या चुकांचा आकडा वाढतो आहे का तेही पाहा. तो वाढत असेल तर संदेश वाटेत हरवत नसून तुमच्या दारात येऊन परत जात आहेत.

प्रतिसाद २

सूचनांबद्दल लिहितो. प्रत्येक संदेशाच्या सुरुवातीला टोकदार कंसात एक संख्या असते. उदाहरणार्थ <१८९> म्हणजे लोकल-७ या विभागाची २३ ही संख्या गुणिले ८, अधिक तीव्रता ५. ही तीव्रता यंत्र तयार करणाऱ्याने आपल्या दृष्टीने ठरवलेली असते. कारखान्याला काय महत्त्वाचे आहे हे त्याला ठाऊक नसते. लिनक्सवर एसएसएचचा (दुरून लॉगिन करण्याच्या सोयीचा) चुकीचा पासवर्ड ६ ने, म्हणजे निव्वळ माहिती म्हणून नोंदवला जातो, आणि कुणी रात्रभर पासवर्ड आजमावत बसला तरी तो ६ चाच राहतो. म्हणून यंत्रांकडून ६ पर्यंतचे सर्व मागवा, साठवा, आणि सूचना मजकुरावर लावा.

माझ्याकडे लगेच मेल येते ती मोजक्या गोष्टींची : स्विच किंवा फायरवॉलची मांडणी बदलली, वीजपुरवठा किंवा पंखा बिघडला, डिस्कवर वाचन-लेखनाची चूक आली, व्हीपीएन तुटला, ठरावीक वेळात एकाच पत्त्यावरून पासवर्ड वारंवार चुकला, आणि स्विचमधील एकमेकांना जोडणारे पोर्ट खाली गेले. टेबलावरील संगणकांच्या पोर्टवर लिंकची नोंद करणेच स्विचवर बंद करा, म्हणजे सहा वाजताचा पाऊस थांबेल. बाकी सगळे सकाळच्या एका गोषवाऱ्यात जाते, आणि त्यात मी मुद्दाम उलटा क्रम ठेवला आहे : काल जे संदेश प्रथमच दिसले ते वर, रोजचे ठरलेले खाली. नवीन बिघाड बहुतेक वेळा वरच्या त्या चार-पाच ओळींत आधी दिसतो.

गप्प यंत्रांसाठी सूचना वेगळीच लावावी लागते. लिनक्सवर आर-सिस्लॉगचे मार्क मॉड्यूल चालू केले की ते मुळात दर २० मिनिटांनी एक खुणेची ओळ लिहिते. स्विचसाठी ती सोय नाही, म्हणून प्रत्येक फोल्डरमधील शेवटच्या बदलाची वेळ पाहणारी छोटी स्क्रिप्ट क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामे चालवणाऱ्या सोयीत) घाला आणि प्रत्येक यंत्राच्या सवयीप्रमाणे मुदत ठरवा. फायरवॉल दहा मिनिटे गप्प राहिली तर संशय घ्यावा, कोपऱ्यातला स्विच दिवसभरही गप्प राहू शकतो. त्या स्विचचा नियम सैल ठेवण्याचे मनावर घ्या, नाहीतर खोट्या सूचनांमुळे खऱ्या सूचनाही न वाचण्याची सवय लागते, आणि ती लागली की मोडत नाही.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. भोसरीत रिले ठेवण्यासाठी एक जुना छोटा संगणक आजच वेगळा काढला आहे. दोन शंका उरल्या. सध्या फोल्डर आयपी पत्त्यावरून तयार होते. रिले मध्ये आला की भोसरीतील सर्व संदेश रिलेच्याच पत्त्यावरून येतील आणि एकाच फोल्डरमध्ये पडतील, हे कसे टाळावे? आणि विंडोज सर्व्हरांचे काय करावे?

प्रतिसाद १

विंडोज स्वतःहून सिस्लॉग बोलत नाही, त्यावर एनएक्सलॉगसारखा एजंट बसवावा लागतो. सर्व घटना पाठवू नका. ४६२५ म्हणजे फसलेले लॉगिन, ४७४० म्हणजे खाते लॉक होणे, ४७२० म्हणजे नवीन खाते आणि ११०२ म्हणजे सुरक्षा लॉग पुसला जाणे. इथून सुरुवात करा. ११०२ ची मेल मात्र लगेच येऊ द्या.

फोल्डरबद्दलची शंका रास्त आहे. रिलेवरील पुढे पाठवण्याच्या साच्यात यजमान-नावाच्या (होस्टनेम, म्हणजे यंत्राच्या नावाच्या) जागी, रिलेला ज्या पत्त्यावरून संदेश मिळाला तो पत्ता घाला. मुख्य सर्व्हरवर रेल्पसाठी वेगळा रूलसेट (नियमांचा संच) करून, फक्त त्याच रूलसेटमध्ये फोल्डरचे नाव यजमान-नावावरून घ्या. यूडीपीवर येणाऱ्यांसाठी आहे तसा आयपी पत्ताच राहू द्या, कारण यूडीपीच्या संदेशातील यजमान-नाव कुणीही काहीही लिहून पाठवू शकतो. साच्यात त्या नावाला ‘सेकपाथ-रिप्लेस’ हा पर्यायही लावा, म्हणजे नावात तिरप्या रेघा आल्या तरी फाइल भलत्याच जागी लिहिली जाणार नाही. बदल केल्यावर भोसरीतील एका स्विचवरून चाचणीचा संदेश पाठवून फोल्डर तपासा, मग रिलेची नेटवर्क केबल काढा, दोन-चार संदेश पाठवा, केबल परत लावा, आणि ते संदेश मूळ वेळेसह पोहोचले का ते पाहा.